पोरांच्या मॅचचे फोटो: कॅमेरा कुठला, लेन्स कुठली?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना तीच तीच आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

गेल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आज घेतोय. प्रश्न साधारण असा असतो: "मुलगी खो-खो खेळते, मुलगा क्रिकेटला जातो, मोबाईलवर फोटो नीट येत नाहीत, तीस-चाळीस हजार आहेत, कुठला कॅमेरा घेऊ?" एका ताईंनी तर लिहिलंय की पोरगी दहावीत आहे, हे शाळेकडून खेळायचं शेवटचं वर्ष, तेव्हा लवकर सांगा. म्हणून हा भाग आधी घेतला.

मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. माझी लेक सहावीपासून खो-खो खेळते आणि मी सोलापूरच्या मैदानांच्या कडेला बसून बऱ्याच चुका केल्यात. पहिली चूक पैशाची होती. दुकानात गेलो, म्हटलं लांबचे फोटो काढायचेत. दुकानदारानं एक झूमवाला कॅमेरा दाखवला, साठपट झूम! काउंटरवर उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबर वाचून दाखवला. मी गार. घेऊन आलो. दुकान कुठलं, कंपनी कुठली, ते सोडा. दुपारी तीनला त्यानं बरे फोटो दिले. पाचनंतर पोरींच्या जागी नुसते निळे फराटे. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, आणि झूम पूर्ण ताणला की लेन्समधून उजेड येतो अगदी चिमूटभर. पाटी जागची हलत नाही, पोरगी पळते. हा फरक मला दुकानात सुचला नाही.

तर आधी खेळ समजून घेऊ, मग कॅमेरा. मी खो-खोवरच जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडं शाळाशाळांत तोच चालतो आणि इंटरनेटवर सगळे सल्ले फुटबॉल आणि बेसबॉलचे असतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही याच खेळासाठी. पण त्या विश्वचषकाचे जे झकास फोटो आपण बघितले ते बंदिस्त स्टेडियममधले, मॅटवरचे, भरपूर दिव्यांखालचे. आपल्याकडं मातीचं मैदान, संध्याकाळची वेळ आणि कडेला उभे असलेले शंभर पालक. तिथला सल्ला इथं जसाच्या तसा लागू होत नाही.

मोठ्यांचं खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. दोन टोकांना दोन खांब, मध्ये पाटी, पाटीवर आठ जणी एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या. आता फोटोग्राफरच्या कामाचा नियम ऐका. जिला खो मिळाला तिला मध्यपाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणारी मात्र कुठूनही कुठंही जाते, आत-बाहेर, साखळी धरून, हुलकावणी देऊन. म्हणजे पळणारीचा नेम नाही, पण मागं लागलेली कुठं जाणार हे तुम्हाला तिनं दोन पावलं टाकल्याबरोबर कळतं. आणि सगळ्यात भारी क्षण, खांबावर सूर मारून गडी टिपायचा, तो होतो खांबाशीच! खांब काही पळून जात नाही. म्हणून फोकस आधीच खांबावर लावून ठेवता येतो. ही सोय क्रिकेटमध्ये नाही, फुटबॉलमध्ये नाही.

त्यामुळं पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच, बसायच्या जागेचा आहे. बहुतेक पालक मैदानाच्या लांब बाजूला, मधोमध उभे राहतात. तिथून दिसतं सगळं, पण फोटोत येतात पाठी आणि वेण्या. मी टोकाला जातो, खांबामागचं मुक्त क्षेत्र आणि त्याबाहेरची लॉबी सोडून, खांबाच्या थोडं तिरकं. तिथं पंचांना विचारून बसायचं आणि बसायचं म्हणजे मांडी घालून खाली बसायचं. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत सूर मारलेली पोरगी जमिनीवर पडल्यासारखी दिसते. खाली बसलं की ती हवेत दिसते. हा बदल फुकट आहे, एक रुपया लागत नाही.

आता गणित. घाबरू नका, एकच आहे. आपल्यासारखे लोक घेतात ते बहुतेक कॅमेरे क्रॉप सेन्सरवाले. कॅननमध्ये सेन्सरची रुंदी साधारण २२ मिलिमीटर. फ्रेममध्ये किती मीटर मावणार? अंतर गुणिले २२, भागिले लेन्सचे मिलिमीटर. मी खांबापासून ७ मीटरवर बसलोय, लेन्स ५० ची. सात गुणिले बावीस, एकशे चोपन्न, भागिले पन्नास. तीन मीटर आले. उंची त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे दोन मीटर. सूर मारलेली पोरगी, खांब आणि वाचायला धडपडणारी दुसरी, तिघं बरोबर मावतात. मैदानाच्या मध्यावर, साधारण १५-१६ मीटरवर, ८५ ची लेन्स लावली तर चार मीटर. आणि समोरच्या खांबापर्यंत जायचं तर २०० च्या पुढं. हे कागदावर लिहून तुमच्या मैदानाला लावून बघा. दुकानदारानं "किती झूम पाहिजे" विचारलं की तुमच्याकडं उत्तर तयार असेल.

क्रिकेटला मात्र लांबी लागतेच. माझा भाचा खेळतो. सीमारेषेबाहेरून, समजा ६५ मीटरवरून, २५० च्या लेन्सनं काढलं तर फ्रेमची उंची साधारण चार मीटर येते. दीड मीटरचा पोरगा त्यात एक तृतीयांशाहून थोडा जास्त. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आजूबाजूचं कापून टाकलं तरी अल्बमपुरता फोटो सुटतो. ६०० मिमीची तोफ विकत घ्यायची काहीच गरज नाही. लोक पार्क स्टेडियमवर एखादा मोठा सामना बघतात, तिथं पांढऱ्या लांब लेन्सा बघतात, आणि त्यांना वाटतं आपल्यालाही तसंच काही पाहिजे.

एक गोष्ट क्रिकेटवाल्यांसाठी, आणि ही आपल्या गावाचीच आहे. एप्रिल-मेमध्ये सुट्टीच्या स्पर्धा असतात. दुपारी बारा वाजता, चाळीस-बेचाळीस डिग्रीत, तापलेल्या मैदानावरून लांब लेन्सनं फोटो काढले की सगळे मऊ येतात, कडा विरघळल्यासारख्या. माझा एक मित्र दोन वेळा लेन्स बदलायला दुकानात गेला होता. लेन्सचा काही दोष नव्हता. जमिनीवरची गरम हवा हलत असते, डांबरी रस्त्यावर लांबून पाणी दिसतं ना, तेच. लाखाची लेन्स लावा, हवा तीच राहणार. सकाळी नऊच्या आत काढा किंवा जवळ जा. नाहीतर सरळ सावलीत बसून ताक प्या.

आता उजेड. खरी मारामारी इथंच आहे.

पळणारं माणूस सेकंदाला पाच-सहा मीटर जातं. १/२५० सेकंदाला शटर उघडं राहिलं तर तेवढ्यात पोरगी दोन-अडीच सेंटीमीटर सरकते, फोटो हललेला. १/१००० ला सरकते अर्धा सेंटीमीटर. म्हणून खेळासाठी १/१००० हा आपला आकडा. लहान मुलं असतील तर १/८०० चालतं, सुरासाठी मी १/१२५० ठेवतो. अंधार पडलाच तर १/५०० पर्यंत खाली यायचं, त्याच्या खाली नाही. हात थोडे हलतील, चेहरा वाचेल.

स्वच्छ उन्हात साधी लेन्स, एफ ५.६ वाली, आयएसओ २०० वर १/१६०० सहज देते. म्हणजे दुपारी तीन-चारपर्यंत कुठलाही कॅमेरा चालतो, खरंच कुठलाही. सूर्य खाली उतरला की शेवटच्या अर्ध्या तासात तीच लेन्स १/१००० साठी आयएसओ ८०० च्या आसपास मागते. सूर्य गेला की ६४०० आणि पुढं. आपल्याकडं डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि शालेय स्पर्धांचे शेवटचे सामने, म्हणजे नेमके उपांत्य आणि अंतिम, ढकलत ढकलत तिथपर्यंत जातात. उद्घाटनाच्या भाषणांना वेळ लागतो, दुसरं काय. महत्त्वाची मॅच नेहमी कमी उजेडात असते, असं धरूनच खरेदी करा.

इथं लेन्सवरचा एफचा आकडा कामाला येतो. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. ५.६ पेक्षा २.८ ला चौपट उजेड, १.८ ला जवळजवळ दहापट. आता ७०-२०० एफ २.८ ही क्रीडा फोटोग्राफरांची लाडकी लेन्स, नवी घेतली तर लाखाच्या बरीच पुढं, वजन दीड किलोच्या आसपास. घरच्या माणसानं ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाचं सोडा, दीड किलो गळ्यात घेऊन तुम्ही चार मॅचना जाल, पाचव्या मॅचला कॅमेरा कपाटात राहील.

त्याऐवजी दोन लेन्सा. एक ५५-२५०, कॅननची एसटीएमवाली. वजन ३७५ ग्रॅम, एखाद्या मोठ्या पेरूएवढं. किंवा निकॉनची तशीच ७०-३००. ही उन्हासाठी आणि लांबसाठी. दुसरी ५० मिमी एफ १.८, नवी दहा हजारांच्या आसपास मिळते. ही पाचनंतरसाठी आणि खांबासाठी. लेकीच्या भिंतीवर लावलेले तीन फोटो आहेत त्यातले दोन पन्नासच्या लेन्सचे. झूम नाही, बसल्या जागेवरून दुसरं काही काढता येत नाही. म्हणून मी मुकाट्यानं खांबाकडं बघत बसलो आणि तो क्षण मिळाला. जमत असेल तर ८५ एफ १.८ अजून चांगली, पण ती बरीच महाग पडते. ती नंतर बघा.

हॉलमधल्या खेळांचं थोडक्यात सांगतो. कबड्डीची मॅट, बॅडमिंटन, ज्युदो. साध्या हॉलमध्ये तीनशे-साडेतीनशे लक्स उजेड असला तर एफ ५.६ ला १/५०० साठी आयएसओ १२८०० लागतो, आणि एफ १.८ ला १६०० च्या आतबाहेर पुरतो. म्हणजे हॉल असेल तर झूम घरीच ठेवा. आणि आपल्याकडचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोत एक पांढरा येतो, पुढचा पिवळा, तिसरा काळपट. कॅमेरा बिघडला नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी अँटी-फ्लिकर असतं, ते चालू करा. फ्लॅश मारू नका, कुठंच. सूर मारताना डोळ्यांवर फ्लॅश आला तर पोरगी खांबावर आदळेल. पंचांनी ओरडायच्या आधी आपल्यालाच कळायला पाहिजे.

आता बॉडी. "लेन्सवर पैसे घाला, बॉडी कुठलीही चालेल" असं सगळे म्हणतात. लग्नाला ते खरं आहे, खेळाला अर्धंच. कारण फोकस बॉडी करते. सगळ्यात स्वस्त डीएसएलआर, उदाहरणार्थ कॅनन १५०० डी, सेकंदाला तीन फोटो काढतो आणि फोकसचे ठिपके नऊ. वाईट नाही, खांबावर फोकस लावून ठेवला तर तोही चालतो. पण मैदानात पळणारीच्या मागं जायचं तर धाप लागते त्याला. त्यापेक्षा जुना, पण खेळासाठी बनवलेला कॅमेरा घ्या. कॅनन ७ डी मार्क २, २०१४ चा. सेकंदाला दहा फोटो, फोकसचे पासष्ट ठिपके, अँटी-फ्लिकर आहे. कॅनन ८० डी, सेकंदाला सात. निकॉन डी ५००, २०१६ चा, दहा फोटो, १५३ ठिपके, हा मिळाला तर सोडू नका. डी ७२०० सुद्धा चांगला. हे सगळे आता सेकंडहँड बाजारात आहेत, कारण ज्यांच्याकडं होते ते मिररलेसवर गेले.

मिररलेस नवा घ्यायचा असेल तर कॅनन आर ५० किंवा सोनी ए ६४००. यांचं डोकं तेज आहे, पोरीचा चेहरा, डोळा ओळखून फोकस धरून ठेवतात, आणि नवशिक्यासाठी ही फार मोठी सोय आहे. फक्त एक गोम आहे. आर ५० सोबत जी ५५-२१० लेन्स येते ती पूर्ण झूमला एफ ७.१ होते. दुपारी ठीक. पाचनंतर तुम्ही परत माझ्या त्या साठपट झूमच्या जवळ जाऊन पोचता. त्यापेक्षा ईएफचा अॅडॉप्टर घ्या आणि त्यावर जुन्या ५५-२५० आणि ५० एफ १.८ लावा. ऑटोफोकस व्यवस्थित चालतो, पैसेही वाचतात. आणि या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर असतं, आवाज नाही, वेग भरपूर, पण वेगानं फिरणारी बॅट त्यात वाकडी येते, केळ्यासारखी. त्याऐवजी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन ठेवा.

सेकंडहँड घेताना शटर काउंट विचारा. ७ डी मार्क २ आणि डी ५०० दोन लाख क्लिकसाठी बनवलेत, डी ७२०० दीड लाख, ८० डी एक लाख. त्याच्या अर्ध्याच्या आत असेल तर निर्धास्त. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपली हवा कोरडी, आपल्याकडं बुरशी कमी धरते, पण मुंबई-कोकणाकडून आलेली लेन्स नीट तपासा. मी माझा कॅमेरा पुण्यात घेतला. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो, दुपारभर तपासला, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. फोटो बघून पैसे आधी पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी.

मोबाईलवाल्यांनो, तुम्हीही ऐका. पैसे नसतील तर थांबू नका. चांगल्या उन्हात, खांबाजवळ बसून, ४के व्हिडिओ सेकंदाला साठ फ्रेमवर काढा. त्यातली एक फ्रेम उचलली तर ती आठ मेगापिक्सेलची असते. व्हॉट्सअॅपला काय, छोट्या प्रिंटलाही पुरते. अंधारात मात्र मोबाईल चार-पाच फोटो एकावर एक रचतो, आणि पळणाऱ्या पोरीला तीन हात येतात.

सेटिंग सांगून टाकतो. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१०००, अॅपर्चर जितकं उघडेल तितकं, आयएसओ ऑटोवर आणि कमाल मर्यादा ६४००. फोकस सतत वाला, कॅननमध्ये एआय सर्वो म्हणतात, बाकीकडं एएफ-सी. खांबासाठी मात्र फोकस लावून कुलूप घालायचं. फाईल जेपेग. रॉ काढलात तर चार सेकंदांत कॅमेरा "थांबा" म्हणतो आणि नेमका तेव्हाच गडी बाद होतो. आणि मैदानावर लेन्स बदलू नका. आपली धूळ सेन्सरवर बसली की सगळ्या आभाळात ठिपके. मी हाफ टाइमला गाडीत बसून, काच वर करून बदलतो.

हां, धूळ म्हटल्यावर आठवलं. ती शत्रूच आहे असं नाही. संध्याकाळी सूर्य समोर ठेवून बसा, सूर मारलेल्या पोरीभोवती जी धूळ उडते ती सोन्यासारखी पेटते. त्या वेळी उजेड थोडा वाढवून घ्या, नाहीतर चेहरा काळा येतो.

एक गोष्ट सांगू की नको असं वाटत होतं, सांगतोच. गेल्या वर्षीची मॅच. नवा कॅमेरा, मी जोरात. चारशेबारा फोटो काढले. लेक पहिल्या तुकडीत पळाली, छान पळाली. घरी येताना गाडीवर मागं बसून तिनं विचारलं, "पप्पा, मी किती मिनिटं पळाले?" मला सांगता येईना. खो-खोत पळणाऱ्याचा सगळा अभिमान त्या मिनिट-सेकंदांत असतो, आणि मी तिथंच बसून, सगळ्यात जवळ बसून, ते बघितलंच नव्हतं. मी तिचे पाय बघितले होते, फोकसचा चौकोन बघितला होता. ती काही बोलली नाही. तिच्या आईनं उत्तर दिलं, दोन मिनिटं चाळीस. ती लांब, पायऱ्यांवर बसली होती, साध्या मोबाईलवर घड्याळ लावून.

तेव्हापासून आमचा हिशोब ठरलाय. मॅचमध्ये दोन डाव, म्हणजे आपल्या पोरीची आक्रमणाची दोन आणि संरक्षणाची दोन सत्रं. मी आक्रमणाचे फोटो काढतो, कारण खांब, सूर, धूळ सगळं तिथंच असतं. संरक्षणाच्या वेळी कॅमेरा पिशवीत आणि हातात स्टॉपवॉच. तिचे पळतानाचे फोटो माझ्याकडं कमी आहेत. तिच्या मैत्रिणीचे वडील काढतात, मी त्यांच्या पोरीचे सुराचे काढतो, संध्याकाळी एकमेकांना पाठवतो. ग्रुपवर टाकायच्या आधी मात्र बाकीच्या पोरींच्या घरी विचारतो. पडलेल्या, रडणाऱ्या पोरींचे फोटो तर टाकतच नाही.

तर त्या दहावीवाल्या ताई, तुमच्यासाठी: सेकंडहँड ८० डी किंवा डी ७२००, सोबत ५० एफ १.८, आणि पैसे उरले तर झूम. नवीन मॉडेलची वाट बघू नका, स्पर्धा तोवर होऊन जातील. पहिल्या आठवड्यात सरावाला जाऊन खांबापासून सात पावलांवर बसा, नुसते खांबाचे फोटो काढा. पोरी हसतील. हसू द्या.

ट्रायपॉड लागतो का, असंही दोघांनी विचारलंय. नाही लागत, उलट लोक त्याला अडखळतात. मांडी घाला, कोपर गुडघ्यावर टेकवा. येत्या रविवारी आमची मॅच आहे, चार्जर सापडत नाहीये, तो शोधतो. भेटू पुढच्या भागात.